आदेश येईपर्यंत यवतमाळात

पोरी, तुझं घर न्यू जर्सीत, लेक इथे यवतमाळात, आणि तिला तुझी म्हणणारा कागद अजून कलेक्टर कचेरीत. ‘कारा’नं, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणानं, ना हरकत दिली, दत्तकपूर्व संगोपनासाठी लेक तुझ्या कुशीत आली, आता आदेश, पासपोर्ट, व्हिसा बाकी. अशी वाट पाहणारी जोडपी आमच्या माडीवर राहून गेली आहेत. त्यांच्याकडून आणि दत्तक संस्थेतल्या मावश्यांकडून जे कळलं, ते तुझ्या कानात घालते. जावईबापूंनाही वाचून दाखव, अर्धं त्यांच्यासाठीच आहे.

१. लेकीला आणताना तिची वापरातली गोधडी मागून घे आणि लगेच धुऊ नकोस — ओळखीचा वास तेवढाच तिच्यासोबत येतो. नवं घर, जुनी गोधडी.

२. तिला सांभाळणाऱ्या मावशीजवळ निवांत बस आणि वहीत लिहून घे : वरण पातळ लागतं की घट्ट, पालथी झोपते की कुशीवर, दिवा लागतो की अंधार — वैद्यकीय अहवालात वजन आणि लशी सापडतात, झोपेची खोड सापडत नाही.

३. पहिले काही आठवडे जेवण तेच, वेळाही त्याच. तिकडून आणलेला खाऊ बॅगेतच राहू दे — नवी माणसं, नवी खोली एवढंच तिला पुष्कळ आहे, पोटाला आणखी नवं कशाला?

४. भरवणं, अंघोळ, झोपवणं तुम्ही दोघांनीच करायचं. पोळ्या आणि भांडी आमच्याकडे — आजवर पाळीपाळीनं किती हातांनी तिला उचललं, आता कायमचे हात कोणते ते तिला कळू दे. शेजारणी पेढे घेऊन येतीलच. त्यांना खालच्या बैठकीत चहा पाजून गोडीत परत पाठवणं माझं काम, तू भिडेला पडू नकोस.

५. जावईबापू, लेक तुम्हाला पाहून रडली तर मनाला लावून घेऊ नका. जमिनीवर बसा, वाटी-चमचा वाजवत राहा, ती आपणहून सरकेल — संस्थेत सांभाळायला बहुतेक बायकाच असतात, तिला दाढीही नवी आणि जाड आवाजही नवा.

६. आणि शक्य तेवढी रजा घ्याच — इथे संध्याकाळचे सात वाजले की तुमच्याकडे हिवाळ्यात सकाळचे साडेआठ. रात्रभर ऑफिस करणारा बाप दिवसा लेकीजवळ नुसता पेंगत बसतो.

७. उन्हाळ्यात दुपारी अकरा ते पाच तिला बाहेर काढू नकोस, पाणी उकळून गार केलेलंच दे आणि जलसंजीवनीची पाकिटं घरात ठेव — इथला पारा बेचाळिसाच्या वर जातो, आणि लहानग्यांचं अंग बघता बघता कोरडं पडतं.

८. आता नीट ऐक, सगळ्यात जास्त पायपीट इथेच होते. लेकीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव — इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर ठरवून घ्या आणि अर्ज, आदेश, जन्मदाखला, पासपोर्ट, व्हिसा, सगळीकडे अक्षर न् अक्षर तेच लिहा. आदेशाचा मसुदा संस्थेकडे वाचायला मागा, जन्मतारीख बोट ठेवून तपासा — आपल्याकडे मधलं नाव बापाचं, तिकडच्या फॉर्मात त्याचा रकाना वेगळा. एका अक्षरासाठी नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयातून दीडशे किलोमीटर माघारी यावं लागतं. घाईची सही, वर्षाची वही.

९. पैसा ठरलेल्या शुल्काइतकाच द्या, तोही पावती घेऊन. मन भरून आलं तरी पाकीट पुढे करू नका — पालकांकडून देणगी घ्यायला दत्तक संस्थांना मनाई आहे, आणि तुमच्या चांगुलपणानं त्याच अडचणीत येतील.

१०. परतीचं तिकीट आत्ता काढू नकोस — १ सप्टेंबर २०२२ पासून आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात, त्याला कायद्यानं दोन महिन्यांची मुदत आहे, आणि मागाहून परदेशी दत्तकाच्या हेग कराराचं अनुरूपता प्रमाणपत्र, पासपोर्ट, दिल्लीच्या वकिलातीतला व्हिसा हे सगळं ओळीनं येतं. एवढी चाळण कशाला, म्हणून चिडू नकोस. परदेशी दत्तकाच्या नावाखाली मुलांचे हाल होतात, असं लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून कळवलं. १९८४ च्या निकालानं त्यावर नियम घालून दिले. ही चाळण तुझ्या लेकीच्याच राखणीला आहे.

११. कचेरीत फाईलचा क्रमांक तोंडपाठ ठेव, कारकुनाला नावानं नमस्कार कर, आठवड्यातून एकदाच विचार — रोज जाणाऱ्याचं काम पुढे सरकत नाही, फक्त त्याचा चेहरा पाठ होतो.

१२. लेकीचा फोटो फेसबुकवर टाकू नकोस, नातलगांच्या ग्रुपवरही नको — अशा मुलांची ओळख उघड करण्याला बाल न्याय कायद्यात शिक्षा आहे.

१३. जायच्या आधी संस्थेची इमारत, अंगण, तिची खाट, मावश्या परवानगी देतील तर त्यांचेही फोटो काढून छापून ठेव — मोठी झाल्यावर ती विचारेल. तिनं विचारायची वाटही पाहू नकोस. ‘तुला आम्ही यवतमाळहून आणलं’ हे झोपतानाच्या गोष्टीत पहिल्यापासून सांगत जा — घरात ऐकलेलं खरं पचतं, बाहेरून कळलेलं सलतं.

१४. तुम्ही दोघं अमेरिकेचे नागरिक, दत्तकविधानही इथेच पूर्ण होणार, म्हणून तिकडे पाऊल ठेवताच लेक नागरिक होईल. तरी नागरिकत्वाचं प्रमाणपत्र हाती पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नका — असं आपोआप नागरिकत्व देणारा तिकडचा कायदा २००० सालचा, आणि २७ फेब्रुवारी २००१ ला ज्यांची अठरा वर्षं भरली होती ते त्यातून सुटले. लहानपणी दत्तक जाऊन, तिथेच वाढून, ऐन प्रौढपणी आपण नागरिकच नाही असं कळलेली माणसं तिकडे आहेत.

१५. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी सहा-सहा महिन्यांनी लेकीचा अहवाल इकडे यायला हवा; तुमच्या तिकडच्या संस्थेला आठवण करून द्यायची वेळ येऊ देऊ नका — इथल्या मावश्यांना ती बरी आहे एवढं त्यातूनच कळतं. पहिला अहवाल गेला की मला फोन कर, निरोप त्यांच्यापर्यंत मी स्वतः पोचवीन.