माझा लेक, माझी लेक



बाप्तिस्म्याच्या विधीत धर्मगुरू आईवडिलांना सर्वांत आधी विचारतात ते बाळाचे नाव. पाणी, तेल, मेणबत्ती हे सारे नंतर येते. उत्तर एका शब्दाचे असते, पण त्या शब्दामागे घरातले बरेच काही दडलेले असते. हे आम्हाला अलीकडेच नव्याने उमगले.

आपल्या धर्मग्रामातले एक कुटुंब तिसऱ्या मुलीच्या बाप्तिस्म्याची नोंद करायला कार्यालयात आले. फॉर्मवर वडिलांनी नाव लिहिले, 'विजय'. आम्हाला वाटले, शेवटचा काना राहून गेला. आम्ही पेन पुढे केले. ते म्हणाले, "नाही फादर, विजयच. मुलगा होईल म्हणून नाव आधीच ठरवून ठेवलं होतं. आता हीच आमचा मुलगा." ते हसले, आजीही हसल्या. आई मात्र बाळाच्या टोपीची नाडी बांधत राहिली.

निघताना आई दाराशी थांबली आणि म्हणाली, "फादर, उद्या मोठी झाल्यावर हिने विचारलं, माझं नाव असं का, तर मी काय सांगू?"

त्या वेळी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. म्हणून या रविवारी या विषयावर आपल्याशी बोलत आहोत.

ख्रिस्तसभेचा नियम काय?

मुलीला मुलाचे नाव देता येते का? ख्रिस्तसभेच्या 1983 च्या कायदेसंहितेतील 855 वा नियम एवढेच सांगतो की, ख्रिस्ती भावनेला न शोभणारे नाव दिले जाऊ नये याची काळजी आईवडील, धर्ममातापिता व धर्मगुरू यांनी घ्यावी. मुलीला मुलीचेच नाव द्यावे, असा वेगळा नियम त्यात नाही.

आपली परंपरा तर याबाबत फार मोकळी आहे. जोसेफवरून जोसेफिन, पॉलवरून पॉलिना, फ्रान्सिसवरून फ्रान्सिस्का ही नावे आपल्या ओळखीचीच आहेत. केरळच्या अन्नकुट्टीने संन्यस्त जीवनात प्रवेश करताना संत अल्फोन्सस लिगोरी यांचे नाव घेतले. 12 ऑक्टोबर 2008 रोजी संतपद मिळालेल्या आपल्या संत अल्फोन्सा त्या याच. उलट बाजूही पाहा. धर्मगुरूंचे आश्रयदाते संत जॉन मारिया व्हियानी आणि छळछावणीत दुसऱ्यासाठी प्राण देणारे संत मॅक्सिमिलियन मारिया कोल्बे या दोन्ही पुरुषांच्या नावात पवित्र मरियेचे नाव आहे. बाईचे नाव धारण करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

आपल्या मराठीलाही याची अडचण नाही. किरण, सुमन, मंगल, कमल ही नावे दोघांनाही चालतात. किरण मोरे भारताचे यष्टिरक्षक होते आणि किरण बेदी 1972 साली भारतीय पोलीस सेवेत दाखल झालेल्या पहिल्या महिला. घोटाळा होत नाही, कारण 'किरण आला' आणि 'किरण आली' यातला फरक आपले क्रियापदच सांगते. पंढरीच्या विठ्ठलाच्या नावावरून कितीतरी विठाबाई झाल्या. तेव्हा पुरुषी वळणाचे नाव मुलीला दिले म्हणून कोणाचा धर्म बुडत नाही की भाषाही बिघडत नाही.

मग अडचण कुठे आहे?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही प्लेटोचा 'क्रॅटिलस' नावाचा संवाद वाचला होता. नाव आणि वस्तू यांचे नाते निसर्गाने ठरते की माणसांच्या संकेताने, असा त्यातला वाद आहे. तेव्हा तो आम्हाला केवळ पुस्तकी वाटला. आज वाटते, घरात दिलेल्या नावाला आणखी एक बाजू असते. ते देताना आपल्या मनात काय होते, हेही त्या नावाला चिकटून राहते.

आपल्याकडच्या जुन्या नावांवरून हे कळेल. ज्या घरात मुले जगत नसत, तिथे मुलाला धोंडू, दगडू, केरू अशी नावे ठेवीत. नाव हलके ठेवले म्हणजे दृष्ट लागणार नाही, मूल वाचेल, अशी समजूत होती. ती समजूत आपल्या विश्वासात बसत नाही, पण आईवडिलांची तळमळ आपल्याला कळते. नाव दगडाचे असले तरी मागणे 'हा जगू दे' हेच होते.

मुलींच्या वाट्याला मात्र निराळेच आले. सातारा जिल्ह्यात घरात मुलींमागून मुली झाल्या की एखादीचे नाव 'नकुसा' ठेवले जाई. नकुसा म्हणजे नको असलेली. यापुढे तरी मुलगा व्हावा, हे मागणे त्या नावात होते. धोंडूचे नाव धोंडूसाठी होते. नकुसाचे नाव नकुसासाठी नव्हतेच, ते न जन्मलेल्या भावासाठी होते. पण शाळेत हजेरीच्या वेळी उठून उभे राहावे लागे ते नकुसालाच.

22 ऑक्टोबर 2011 रोजी साताऱ्यात जिल्हा प्रशासनाने अशा 285 मुलींचे नव्याने नामकरण केले. त्यांना नव्या नावाची प्रमाणपत्रे दिली. कोणी आवडत्या नटीचे नाव घेतले, कोणी देवीचे. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील 1000 मुलांमागे 894 मुली होत्या. 2001 साली हा आकडा 913 होता. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा कायदा देशात सर्वांत आधी, 1988 साली, आपल्याच राज्याने केला होता, तरीही हे घडले. तेव्हा ही गोष्ट एकट्या साताऱ्याची नाही. नांदगावातही, आणि आपल्या ख्रिस्ती घरांतही, तिसरी मुलगी झाली की पेढ्यांऐवजी सांत्वन येते. सांत्वन करणाऱ्यांत कधी आम्ही धर्मगुरूही असतो. "देवाची इच्छा" असे आम्हीही म्हटले आहे, आणि ते कोणत्या सुरात म्हटले, हे आम्हाला आठवते.

'विजय' आणि 'नकुसा' ही नावे सारखी नाहीत. त्या वडिलांचे मुलीवर प्रेम आहे, यात आम्हाला शंका नाही. पण "हीच आमचा मुलगा" हे कौतुक जरा तपासून पाहावे. त्यात मुलीची थोरवी ती मुलासारखी आहे म्हणून ठरते. मुलगी म्हणून ती पुरेशी नाही, हे आपण तिला मायेने सांगत असतो, एवढाच फरक.

सलाफहादाच्या मुली

जुन्या करारातील गणना या पुस्तकाच्या 27 व्या अध्यायात सलाफहाद नावाच्या माणसाची हकीकत आहे. तो अरण्यात मरण पावला. त्याला मुलगा नव्हता, पाच मुली होत्या. पवित्र शास्त्रात त्या काळच्या कितीतरी स्त्रिया निनावी राहिल्या, पण या पाचही जणींची नावे नोंदलेली आहेत: महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. त्या मोशे, याजक आणि साऱ्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या. मुलगा नाही म्हणून आमच्या वडिलांचे नाव कुळातून का पुसले जावे, असे त्यांनी विचारले आणि वतनाचा वाटा मागितला. मोशेने तो प्रश्न परमेश्वरापुढे ठेवला. परमेश्वराचा निवाडा आला की, या मुलींचे म्हणणे रास्त आहे.

वडिलांचे नाव राखण्यासाठी त्यांना कोणी मुलगा केले नाही. मुली म्हणूनच त्या उभ्या राहिल्या आणि मुली म्हणूनच त्यांना वाटा मिळाला. 'वंशाला दिवा हवा' असे म्हणताना हा अध्याय आपण विसरू नये.

दुसरी हकीकत लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातली. अलीशिबेच्या बाळाला बापाचे नाव द्यावे, असे नातेवाईक म्हणत होते. आई म्हणाली, नाही, योहान. तिचे म्हणणे कोणाला पटेना. मग जखऱ्याने पाटीवर तेच नाव लिहिले. नावाच्या वेळी आईला विचारावे, हे यातून आपण घ्यायचे. आता आपल्या राज्यात 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावापुढे आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहिले जाते. कागदावर आई आली. नाव ठरवतानाही ती असावी.

नाव कसे ठरवावे?

त्या आईचा प्रश्न हीच आम्हाला कसोटी वाटते. या नावामागचे कारण मुलीला तिच्यासमोर सांगता येईल का? "तू जन्मलीस तेव्हा आम्हाला जिंकल्यासारखं वाटलं, म्हणून तू विजय," असे सांगता येत असेल, तर खुशाल तेच नाव द्या. आम्ही आनंदाने ते उच्चारून पाणी ओतू. "ते नाव तुझ्या भावासाठी होतं," असे सांगावे लागणार असेल, तर दुसरे शोधा.

घाई करू नका, पण उगाच लांबवूही नका. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. तेव्हा नाव ठरले नसेल, तर बारा महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क घालता येते आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. जन्मदाखल्यावर आणि बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत नाव एकच असावे, म्हणजे पुढे शाळेत व लग्नाच्या वेळी धावपळ होत नाही. कोणा मोठ्या मुलीला किंवा बाईला आपले नाव सलत असेल, तर सरकारी राजपत्रातून ते बदलता येते. त्यासाठी कार्यालयात अवश्य या. संकोच बाळगू नका.

पुनरुत्थानाच्या सकाळी मग्दालीया मरिया बागेत रडत होती. प्रभू समोर उभा असूनही तिने त्याला ओळखले नाही. त्याने तिला नावाने हाक मारली आणि तिने ओळखले. आपल्या मुलींनाही आपल्या हाकेत असेच प्रेम ऐकू यावे. आपल्या भाषेत 'लेक' हा शब्द दोघांनाही पुरतो: माझा लेक, माझी लेक.

त्या कुटुंबाचा फॉर्म आमच्या टेबलावर आहे. नावाचा रकाना त्यांनी तूर्त कोरा ठेवला आहे. त्यांच्यासाठी प्रार्थना करा.

कुटुंबात बोलण्यासाठी
1. आपल्या घरात प्रत्येकाचे नाव कोणी व का ठेवले, हे मुलांना सांगितले आहे का?
2. "मुलगी असून मुलासारखी" असे आपण कधी म्हणतो? त्याऐवजी काय म्हणता येईल?
3. गणना 27:1-11 एकत्र वाचा. घर, शेती, वाटणी यांत आपल्या मुलींची नावे आहेत का?

आपले धर्मगुरू