ऐंशीच्या पुढं थरथरतंय ना?

अगं, टायर परत करायचा विचार आधी डोक्यातून काढ. एवढे हौसेनं घेतलेस, त्यांची अजून रबरी लव झडली नाही आणि घरात ‘कशाला हवे होते असले टायर’ सुरू झालं म्हणून तू लगेच हात टेकलेस? आणि कुणी म्हणालं म्हणून स्टिअरिंगही उघडायला देऊ नकोस. मड टायर घातलेली गाडी ऐंशीच्या आसपास थरथरते ही तक्रार मला नवी नाही. बहुतेक वेळा ती तासाभराच्या कामात सुटते, फक्त ते काम कुणाकडून आणि कसं करून घ्यायचं ते माहीत हवं.

आधी मला सांग, तुला नक्की काय जाणवतंय? आवाज की हादरे? कारण मड टायर गुणगुणणारच. त्याचे ठोकळे मोठे, मधल्या खाचा रुंद. एकेक ठोकळा डांबरावर आपटतो आणि त्याची घूं-घूं होते. ती बॅलन्सिंगनं जात नाही. तिच्यासाठी गाणी मोठ्यानं लावायची, दुसरा इलाज नाही. पण स्टिअरिंग हातात थरथरत असेल, कपातला चहा हिंदकळत असेल, तर ते वेगळं. हात थरथरले तर बहुधा पुढच्या चाकांत दोष, सीट थरथरली तर मागच्या. आणि एक सोपी परीक्षा: रिकाम्या सरळ रस्त्यावर, मागं कुणी नसताना, त्याच वेगात क्षणभर गिअर न्यूट्रलला टाक. थरथर तशीच राहिली तर चाकांकडे बघायचं. अॅक्सिलरेटर सोडल्याबरोबर गेली, तर प्रॉपेलर शाफ्टचे जॉइंट तपासायला सांग. मग मी पुढं सांगतेय त्यातलं काहीच लागू नाही.

चाळीसला काही नाही आणि ऐंशीला एवढं का, असं तू विचारलंस ना? वेग दुप्पट झाला की हिसका चौपट होतो, म्हणून. तुझे 285/75 आर 16 म्हणजे जवळजवळ 33 इंची टायर. समज, रिमच्या कडेशी एका जागी 100 ग्रॅम जास्त आहेत. ताशी 40 किलोमीटरला ते 100 ग्रॅम चाकाला दीड किलोच्या आतबाहेर जोरानं ओढतात. ऐंशीला तो ओढा पावणेसहा किलोच्या घरात जातो, शंभरला नऊ किलो. आणि हे एकदा नाही, ऐंशीला चाक सेकंदाला साडेआठ फेऱ्या मारतं, म्हणजे तितके हिसके. शिवाय चाक, अॅक्सल, ब्रेक यांची मिळून हलण्याची जी स्वतःची लय असते, ती साधारण सेकंदाला दहा ते पंधरा वेळांची. हिसके त्या लयीच्या जवळ पोचले की सगळं अंगावर येतं. म्हणून काही गाड्या नव्वदला थरथरतात आणि एकशेदहाला बऱ्या वाटतात. त्यावर ‘मग एकशेदहानंच जाते’ म्हणू नकोस, मी ओळखते तुला.

आता पहिलं काम, आणि यात पैसा खर्च नाही. मागच्या रविवारी कुठं गेली होतीस? मुळशीकडे? मग घरी येऊन गाडी धुतलीस ती बाहेरून. रिमच्या आतल्या बाजूला, ब्रेकच्या दिशेला, हात घालून बघ. आपल्या घाटावरची काळी माती ओली असताना गोंदासारखी चिकटते आणि वाळली की खरवडून निघत नाही. रिमच्या आतल्या पन्हळीत तिची तळहाताएवढी खपली राहिली तरी दोनशे-तीनशे ग्रॅम सहज भरतात. चाक काढून, आतून ओल्या फडक्यानं आणि लाकडी पट्टीनं साफ कर. जोरदार पाण्याचा फवारा आतून मारशील तर आधी चिकटवलेली वजनं बघून मार, तीही उडतात. ठोकळ्यांच्या खाचांत अडकलेले दगड स्क्रूड्रायव्हरनं उपसून काढ. मग पुन्हा हायवेवर जाऊन बघ. किती जण मशीनपर्यंत जातात आणि तिथला पोरगा मातीसकट चाकाचं बॅलन्सिंग करून देतो! दोन दिवसांनी माती पडते आणि मग ती वजनंच उलटी पडतात.

दुसरं, टायरमध्ये पंक्चर न होणारं ते हिरवं-निळं जेल भरून घेतलंयस का? खरं सांग. दुकानात ‘मॅडम, टाकूनच घ्या’ म्हणतात आणि आपण मान डोलावतो. गाडी उभी राहिली की ते जेल खाली साचतं, आणि सकाळी चाक निघतं ते वॉशिंग मशीनमध्ये ओली गोधडी एका बाजूला गोळा व्हावी तसं. जेल असेल तर टायर उतरवून, पुसून घेतल्याशिवाय पुढची वाट नाही. मला विचारशील तर मड टायरात ते नकोच. पंक्चरचं किट आणि छोटा कंप्रेसर गाडीत ठेव.

हे दोन्ही करून थरथर राहिली, की टायरवाल्याकडे जायचं. इथं माझं ऐक, बाहेरच्या खुर्चीवर बसून मोबाइल बघू नकोस. मशीनपाशी उभी राहा. ‘मॅडम, तुम्ही बसा, होतंय’ असं म्हणतील. हसून ‘मला बघायला आवडतं’ म्हणायचं. आधी विचार की एवढं मोठं चाक त्यांचं मशीन घेतं का. रिमसकट तुझं चाक चाळीस किलोच्या आसपास जाईल, आणि हॅचबॅकची चाकं करणाऱ्या गल्लीतल्या लहान मशीनवर ते धड फिरतही नाही.

मग चाक मशीनच्या दांड्यावर कसं बसवतात ते नीट बघ, कारण निम्मी बॅलन्सिंग इथं बिघडतात. रिमच्या मधल्या भोकात शंकूच्या आकाराचा लोखंडी तुकडा बसतो, त्याला ते कोन म्हणतात, आणि समोरून मोठा नट आवळतात. जड चाक वजनानं खाली झुकलेलं असताना नट आवळला, तर ते केसभर वाकडं बसतं. नट आवळताना चाक हातानं हळूहळू फिरवत राहिलं पाहिजे, म्हणजे ते आपोआप मध्यावर येतं. भोकाला गंज, माती, रंगाचे पापुद्रे लागलेले नकोत. आणि बाजारातल्या बऱ्याच फॅन्सी रिमांचं मधलं भोक आपल्या हबपेक्षा मोठं असतं. ती मशीनवर एका ठिकाणी मध्यावर बसतात आणि गाडीवर नटांच्या भरवशावर दुसऱ्याच ठिकाणी. तुझे रिम तसे असतील तर मधे बसणारी सेंटरिंग रिंग मिळते, ती माग. नसेल तर गाडीवर चढवताना चाक जमिनीवरून उचललेलं असतानाच नट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळायला सांग. एअर गननं पहिलाच नट करकचून आवळला की चाक तिरकं बसलंच.

आता खरी खूण सांगते, जी कुणी आपणहून करत नाही. वजनं लावून झाली, मशीननं दोन्हीकडे शून्य दाखवलं, पोरगा नट सोडायला लागला, की म्हणायचं: ‘दादा, नट ढिला करून चाक अर्धं फिरवा, परत आवळा आणि एकदा फिरवून दाखवा.’ पुन्हा शून्य किंवा पाच-दहा ग्रॅम आले तर काम चोख. चाळीस-पन्नास आले तर चाक मध्यावर बसलेलंच नव्हतं, आणि आत्ता लावलेली सगळी वजनं चुकीच्या जागी आहेत. पहिल्यांदा तो तुझ्याकडे विचित्र नजरेनं बघेल. बघू दे.

रुंद टायरला दोन्हीकडचा समतोल हवा, आतल्या आणि बाहेरच्या. एकाच बाजूला वजन ठोकून वर-खाली उडणं थांबतं, पण डावी-उजवीकडे फडफडणं राहतं, आणि तेच स्टिअरिंगमध्ये येतं. अलॉय रिमला कडेला अडकवायची वजनं लावू नकोस, घाटातल्या दगडांत ती टिकत नाहीत. आतून चिकटवायची घे. चिकटवण्याआधी ती जागा थिनरनं पुसलेली हवी. आणि चाक गाडीवर चढवल्यावर हातानं एकदा फिरवून बघ, वजन ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना. खर्र आवाज आला तर तिथंच काढायला लाव.

एका बाजूला दीड-दोनशे ग्रॅमची माळ लागत असेल तर ती मुकाट्यानं लावून घेऊ नकोस. हवा सोडून टायर रिमवर अर्धा वळवायला सांग. रिमची जड बाजू आणि टायरची जड बाजू समोरासमोर आली की पुष्कळदा निम्म्यावर काम होतं. नव्या टायरच्या बाजूवर पिवळा ठिपका दिसला तर ती टायरची हलकी जागा, ती व्हॉल्व्हपाशी यायला हवी. टायर रिमच्या कडेवर सारखा बसलाय का हेही बघ: कडेलगत टायरवर एक बारीक रेघ असते, ती सगळीकडून रिमपासून सारख्याच अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी आत गेली असेल तर टायर पूर्ण बसलेला नाही, तो गोल फिरणारच नाही, आणि जे गोल नाही त्याला वजनं लावून काही होत नाही. मोठ्या वर्कशॉपमध्ये टायरवर रोलर दाबून फिरवणारं मशीन असतं, ते हा दोष पकडतं. तुझ्या गावात असेल तर जास्तीचे पैसे द्यायला हरकत नाही.

एवढं सगळं करून आलीस आणि पुढच्या पावसाळी ट्रिपनंतर परत थरथर सुरू झाली, तर मला फोन करून रडायचं नाही. चिखलात जाताना तू हवा कमी करतेस ना, अठरा-वीसवर? ते बरोबरच आहे. पण कमी हवेत चाक जोरात फिरवलं की टायर रिमवरून सरकतो, आणि केलेलं बॅलन्सिंग गेलं. म्हणून आजच, व्हॉल्व्हच्या समोर टायर आणि रिम दोन्हींवरून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेव. ट्रिपहून आलीस की रेघ बघ. तुटलेली दिसली तर परत मशीनवर जायचं, जुळलेली असेल तर आधी माती शोधायची.

ते टायरात टाकायचे सिरॅमिकचे बारीक दाणे? हो, मिळतात, आणि ते खोटं नाही. वेगात ते हलक्या बाजूकडे सरकतात आणि ट्रकवाले ते वापरतात. पण आत ओल गेली की गोळे होतात, व्हॉल्व्हमध्ये अडकून हवा गळते, आणि डावी-उजवी फडफड त्यांनी तितकीशी जात नाही. जिथं वजन चिकटवायला जागाच नाही अशा बीडलॉक रिमसाठी ठीक. तुला आत्ता त्यांची गरज नाही.

सगळं शून्यावर आणूनही स्टिअरिंग हललं, तर मात्र हट्ट न करता टाय रॉडचे एन्ड, बॉल जॉइंट, बेअरिंग तपासून घे. जड चाकं जुन्या सांध्यांची गय करत नाहीत. तुझी ती जिम्नीवाली मैत्रीण आहे ना, तिला तर हे आधी सांग. तिच्या गाडीला पुढंही अखंड अॅक्सल आहे, तिथं एक सांधा सैल झाला तरी दोन्ही चाकं मिळून नाचायला लागतात.

हां, एक राहिलंच. तुझे मूळचे टायर 245/75 आर 16 होते, नवे त्यांच्याहून पावणेआठ टक्के मोठे. म्हणजे काटा ऐंशी दाखवतो तेव्हा त्याच हिशेबानं गाडी शहाऐंशीच्या आसपास असते. एक्स्प्रेसवेच्या कॅमेऱ्याला ही सबब चालत नाही. आणि विमा कंपनीला टायरचा बदल लेखी कळवलायस का? मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत, तेव्हा आरटीओत काय लागतं ते एकदा विचारून घे. घरात हे मोठ्यानं बोलू नकोस, नाहीतर ‘मी सांगत होतो’ परत सुरू होईल.

शनिवारी टायरवाल्याकडे जाशील तेव्हा मागच्या दारावरची स्टेपनीही उतरवून घे. तिचंही बॅलन्सिंग करून, व्हॉल्व्हसमोर रेघ ओढून ठेव. नाहीतर पंक्चर झालं की रात्री खंबाटकी घाटात ती बसवशील आणि घाट उतरल्यावर मला फोन लावशील, ताई, परत थरथरतंय गं.