तांब्याचा पाठ

चाकूर परिसरात पाहुणा दारी आला की प्रथम त्याच्या हाती पाण्याचा तांब्या दिला जातो, बोलणे त्यानंतर. ही वस्तू इतकी परिचित आहे, की तिच्याकडे कोणी निरखून पाहत नाही. परिसर अभ्यासाचा एक पाठ तिच्यावर घ्यावा, तो याचसाठी.

भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलेल्या चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन अभिकल्पक दांपत्याने १९५८ साली अहवाल सादर केला. त्यात त्यांनी सर्वाधिक गौरविला तो लोटा, म्हणजे आपला तांब्या. तो कोणा एकाने रचलेला नसून पिढ्यान्‌पिढ्यांनी घडविला आहे, असे त्यांचे मत होते. भरल्या व रित्या भांड्याचा तोल, हाताची ठेवण, पाण्याची धार, घासण्याची सोय, दुसऱ्यास देताना काय वाटते, असे प्रश्न नव्या वस्तूबद्दलही विचारावेत, असा त्यांचा आग्रह होता. या अहवालाच्या प्रेरणेने १९६१ मध्ये अहमदाबादेस राष्ट्रीय अभिकल्प संस्था स्थापन झाली.

हेच प्रश्न चौथीच्या मुलांना विचारता येतात. वर्गात एक तांब्या व एक प्लास्टिकची बाटली ठेवावी. मुलांनी स्वतः उचलून, ओतून पाहावे. गळा आवळलेला असल्याने बोटांची पकड बसते व पाणी कमी हिंदकळते. पोटाला कोपरा नाही, म्हणून घासणारा हात सर्वत्र पोहोचतो. बाहेर वळलेल्या काठामुळे धार आवरता येते. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथील मुलांना याचे मोल समजावून सांगावे लागणार नाही. बाटली मात्र एकट्याची वस्तू आहे. तिला नावे ठेवू नयेत; दप्तरात तांब्या नेता येत नाही.

पण पाठ गौरवापाशी थांबवू नये. हाच तांब्या एकाच्या हाती दिला गेला आणि दुसऱ्याच्या ओंजळीत उंचावरून रिता झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बालपणी शाळेच्या नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपाई नसला, की पाणीही नसे. १९२७ साली महाडचे चवदार तळे याचसाठी गाजले. राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. हा भाग लहान मुलांपुढे कसा मांडावा, हा शिक्षकांचा संकोच रास्त आहे, तथापि तो गाळणे रास्त नव्हे. कोणा मुलास घरची हकीकत सांगण्याची सक्ती मात्र करू नये. शाळेच्या पाण्यापाशी लांब दांड्याचे ओगराळे का ठेवावे, एवढे विचारावे. पाण्यात हात बुडू नये म्हणून, हे उत्तर मुले देतील. मग ते प्रत्येकाच्या हाती देऊन पाणी घेण्यास सांगावे.