पाळणाघरात मूल पडले तर

ताडीवाला रोड, जनता वसाहत, रामटेकडी, येरवडा अशा वस्त्यांतील कित्येक आया सकाळी धुणीभांडी, झाडलोट किंवा बांधकामाच्या कामाला निघतात. तान्हे मूल शेजारच्या मावशींकडे किंवा पाळणाघरात राहते, तीन वर्षांपुढचे अंगणवाडीत. संध्याकाळी मूल घ्यायला गेल्यावर कपाळावर टेंगूळ दिसते आणि ‘खेळताना पडला’ एवढेच उत्तर मिळते. दवाखान्यात जायचे तर कामाचा खाडा होतो, म्हणून ते उद्यावर जाते. बहुतेक टेंगळे घरीच उतरतात. पण कोणते टेंगूळ घरी बघायचे आणि कोणत्यासाठी रात्री बारालाही निघायचे, हे प्रत्येक घराला माहीत हवे.

डोक्याला मार लागला असेल तर

पुढीलपैकी एकही खूण दिसली तर थांबू नका: शुद्ध हरपणे, पुन्हा पुन्हा उलटी, झटके, नाका-कानातून रक्त किंवा पाणी येणे, हाक मारूनही नीट जागे न होणे, एका बाजूचा हात-पाय न हलणे, रडणे कशानेही न थांबणे. मूल एक वर्षाच्या आतले असेल, किंवा दोन वर्षांच्या आतले मूल तीन फुटांपेक्षा जास्त उंचीवरून पडले असेल, तर खूण नसली तरी डॉक्टरांना दाखवा. 108 वर फोन केल्यास रुग्णवाहिका मोफत येते.

खूण नसेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ टेंगळावर थोडा वेळ धरा. चोळू नका. मूल झोपले तरी चालते, पण पहिली रात्र मधूनमधून उठवून बघा. गुंगी आणणारे खोकल्याचे औषध देऊ नका.

इतर जखमा

रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दहा मिनिटे घट्ट दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका. खरचटलेले साबण-पाण्याने धुवा. हळद, चहापावडर, तंबाखू लावू नका. भाजले असेल तर वीस मिनिटे नळाचे साधे पाणी सोडा. टूथपेस्ट, तेल, बर्फ नको. फोड फोडू नका. मूल एक हात हलवतच नसेल तर मालिश न करता दवाखान्यात न्या. जाताना लसीकरणाचे कार्ड बरोबर घ्या.

मावशींना काय विचाराल

किती वाजता पडला? कुठून? कशावर आपटला? लगेच रडला का? उलटी झाली का? काय लावले, काय पाजले? ही उत्तरे डॉक्टरांना लागतात. आवाज चढवून विचारले की समोरची बाई घाबरते आणि अर्धी गोष्ट गिळते. त्याचा तोटा मुलालाच होतो. आधी मूल, मग चौकशी, मग तक्रार, हा क्रम सोडू नका.

संशय आला तर

कान, गाल, मान, पाठ, मांडी यांवर वळ, चटक्याचे डाग, किंवा अजून रांगतही नसलेल्या बाळाच्या अंगावर काळेनिळे डाग असतील, तर ‘पडला’ या उत्तरावर थांबू नका. नोव्हेंबर 2016 मध्ये नवी मुंबईतील खारघरच्या एका पाळणाघरात 10 महिन्यांच्या बाळाच्या डोक्यावरची जखम पाहून आईवडिलांना शंका आली. कॅमेऱ्याच्या चित्रणात आया बाळाला मारताना दिसली. आया आणि पाळणाघर चालविणारी बाई, दोघींना अटक झाली.

वस्तीतल्या पाळणाघरात बहुधा कॅमेरा नसतो. म्हणून त्याच दिवशीचा फोटो आणि डॉक्टरांचा कागद हाच पुरावा. ससून किंवा महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयात दाखवताना शंका स्पष्ट सांगा आणि ती केसपेपरवर नोंदवायला सांगा. पोलीस केस आहे म्हणून तातडीचा उपचार थांबवता येत नाही. आधी उपचार, कागदपत्रे नंतर, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितले आहे. मदतीसाठी 1098 किंवा 112 वर फोन करा.

आजच करण्यासारखे

आईचा, बापाचा आणि एका शेजाऱ्याचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून पाळणाघराच्या भिंतीवर लावा. खाली 108 लिहा. मावशींना सांगून ठेवा, ‘पडला तर लगेच फोन करा, आम्ही रागावणार नाही.’ हा भरवसा असेल तर फोन वेळेवर येतो.