फोटो फाटून रायला

मी अकोल्याची, शिकायला पाच वर्षं अमरावतीत होते. आवडत्या सिनेमांतली, मालिकांतली माणसं मोबाईलवर बोटानं रंगवायची आणि मैत्रिणींना पाठवायची, ही खोड २०१६ साली ‘सैराट’ आला तेव्हा लागली. पुढे ती चित्रं कागदावर गेली, फ्लेक्सवर गेली. चित्र काढणं यूट्यूबवर शिकले. ते बाहेर कसं पाठवायचं हे छापखानेवाल्यांनी शिकवलं, माझ्या खर्चानं.

१. पान आधी मोजून घ्या.

पहिलं चित्र ‘सैराट’मधल्या बुलेटवरच्या आर्चीचं. मोबाईलवर झकास दिसत होतं, म्हणून ए-३ पोस्टर काढायला राजकमल चौकाकडच्या एका दुकानात गेले. काकांनी फाईल उघडली, मोठी केली आणि म्हणाले, “पोरी, हा त फोटो फाटून रायला.”

“काका, मोबाईलवर तर नीट आहे.”

“मोबाईलवर त सारंच नीट दिसते माय. मोठी फाईल आणजो.”

फाईल होती १०८० पिक्सेल रुंद. इंचाला ३०० ठिपके धरले तर ती साडेतीन इंचांतच संपते. ए-३ ला ३५०८ बाय ४९६१ लागतात. मी घरी येऊन सॉफ्टवेअरमध्ये आकडा वाढवून पाहिला. ठिपके वाढले, पण आर्चीच्या डोळ्यांतली चमक पिठूळ झाली. सगळं चित्र पुन्हा काढलं. आता कोरं पान उघडतानाच ए-३ घेते. जुन्या मोबाईलवर एवढ्या मोठ्या पानाला लेयर मोजकेच मिळतात, म्हणून केस आणि ओढणी एकाच लेयरवर रंगवायची कसरत करावी लागते. ती चालते.

२. पडद्यावरच्या निळ्यावर भरवसा नाही.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात राजराजेश्वराला कावडी येतात. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन पोरं चालत येतात, आणि त्याआधी आठवडाभर गल्लोगल्ली बॅनर लागतात. टीव्हीवरच्या मालिकेतला महादेव डोक्यात ठेवून मी एक चित्र केलं होतं, निळं लखलखीत. आमच्याकडच्या मंडळाला ते आवडलं. फ्लेक्स उघडला तर महादेव वांग्यासारखा जांभळा.

चूक यंत्राची नव्हती. पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळतो. छपाईत सायन, मजेंटा, पिवळी आणि काळी शाई असते. तो लखलखीत निळा या शायांत मुळी नाहीच. त्याच्या जवळचं काहीतरी बनवताना मजेंटा जास्त पडतो आणि रंग जांभळ्याकडे झुकतो. आता छपाईच्या फाईलमध्ये निळ्यातला मजेंटा सायनपेक्षा निदान तीस टक्क्यांनी कमी ठेवते. झगझगीत पोपटी आणि भगवाही कागदावर दबतात. ते मनात धरूनच रंगवते.

३. अक्षरं कर्व्ह करून द्या.

त्याच फ्लेक्सवर दुसरा घोळ होता. माझ्याकडच्या फाईलमध्ये ‘शिवभक्त’ होतं. दुसऱ्या संगणकावर फॉन्ट बदलला, अक्षरजुळणी बिघडली आणि ऱ्हस्व वेलांटी एक घर पुढे सरकली. इकाराविना शिव म्हणजे शव, हे कीर्तनात ऐकलं होतं. बारा फुटांवर वाचायची वेळ पहिल्यांदा आली. मंडळाचे दादा एवढंच म्हणाले, “ताई, देवाचं नाव तरी नीट लिवा नं.” दुसरा फ्लेक्स माझ्या पैशानं झाला. तेव्हापासून मराठी मजकूर आधी आकृतीत बदलते. छापखान्यात याला ‘कर्व्ह करणं’ म्हणतात. मूळ फाईल वेगळी जपून ठेवते, कारण कर्व्ह केलेल्या अक्षरात काना-मात्रा दुरुस्त होत नाही.

४. काळ्या रेषेला काळी शाईच.

२० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी. अमरावतीत त्यासाठी एका कार्डावर बाबांचं रेखाचित्र दिलं: हातात खराटा, डोक्यावर गाडगं, आणि चिंध्यांच्या बारीक बारीक रेषा. त्या बारीक रेषांनीच घात केला. पडद्यावरचा काळा बदलताना चारही शायांत वाटला गेला होता; ऑफसेटवर चार छाप केसभर इकडेतिकडे बसले आणि प्रत्येक चिंधीला निळी-लाल किनार आली. कार्डांचा तो सगळा गठ्ठा बाद केला. रेषांत काळा शंभर, बाकी शून्य, एवढाच उपाय.

५. व्हॉट्सॲपवर चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलंत तर ते वाटेत आक्रसतं, मग दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही.

६. विकायला निघालात की हक्क कुणाचा ते बघा.

गझलकार सुरेश भट आमच्या अमरावतीचे, १९३२ चा जन्म. त्यांचं चित्र काढून खाली एक शेर घातला. वाहवा भरपूर झाली. मग मैत्रीण म्हणाली, पिशव्यांवर छापून विकू. आपल्या कायद्यात लेखक गेल्यावर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क टिकतो. भट २००३ मध्ये गेले, म्हणजे २०६३ सरेपर्यंत त्यांचा शेर फुकट नाही. शेर काढला. मग लक्षात आलं की चेहराही मी एकाच छायाचित्रावरून जसाच्या तसा उतरवलाय, आणि छायाचित्र काढणाऱ्याचाही हक्क असतो. पिशव्या झाल्या नाहीत. आर्चीही माझी नाहीच. हौसेनं काढून चारजणांना दाखवणं निराळं आणि किंमत लावणं निराळं, असं मला वाटतं. कायदा हौसेलाही सरसकट मोकळीक देत नाही, हेही ठाऊक आहे.

७. सही कोपऱ्यात करू नका.

नेटवर मी १०८० बाय १३५० चं लहान चित्रच टाकते. त्याचं पोस्टर होत नाही, अशी माझी समजूत होती. एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर माझं चित्र दिसलं, सहीचा कोपरा कापून. दहा फुटांवर ताणलेलं, पार फाटलेलं, पण रस्त्यापलीकडून बरं दिसत होतं. फ्लेक्स लांबून बघायचा असतो, त्याला कमी ठिपके पुरतात, हा धडा असा मिळाला. आता सही ओढणीच्या घडीत घालते.

८. प्रूफ उन्हात बघा.

गाडगेबाबांचं कार्ड दुसऱ्यांदा छापलं तेव्हा मी दुकानातल्या ट्यूबखाली डोळे ताणून बघत होते. काकांनी कार्ड हातातून घेतलं आणि पायरीवर गेले. “इकडं ये. ट्यूबखाली काय पायतं?” डिसेंबरचं ऊन होतं. त्यांनी कार्ड तिरपं धरलं, खराट्याची एकेक काडी नखानं मोजल्यासारखी केली. “हं. आता काळा काळाच दिसून रायला,” म्हणाले, आणि आत जाऊन यंत्र सुरू केलं.