आग्या मोहोळ : भीती किती, धोका किती?

शहाद्याला लागून असलेल्या लोणखेडा परिसरात केळी, पपई, ऊस व कापूस ही पिके मोठ्या प्रमाणावर घेतली जातात. जेथे पाणी व फुलोरा आहे, तेथे मधमाशी येणारच. बांधावरील उंच झाडाला, पाण्याच्या टाकीखाली किंवा इमारतीच्या सज्जाला आग्या मोहोळ लागले की गावात दोन मते ऐकू येतात. काही जण ते रात्री टेंभ्याने जाळून टाकावे असे म्हणतात, तर काही जण त्याच्याकडे काणाडोळा करून त्याखालीच बैल बांधतात. ही दोन्ही मते नुकसानीची आहेत. धोका नेमका कोठे आहे हे समजून घेतल्यास माणूसही सुरक्षित राहतो व माशीही वाचते.

मधमाश्यांचे प्रकार

आपल्या राज्यात मधमाश्यांच्या मुख्यतः चार देशी जाती आढळतात. पोयाची माशी अगदी लहान असून तिला दंश करता येत नाही. फुलोरी माशी झुडपात तळहाताएवढे एकच पोळे बांधते व क्वचितच दंश करते. सातेरी माशी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत अनेक समांतर पोळी बांधते. ती पेटीत पाळता येते. चौथी आग्या माशी. ती आकाराने सर्वांत मोठी असून उघड्यावर एकच प्रचंड पोळे बांधते. त्यावर हजारो माश्यांचा पडदा असतो. ही जात पेटीत राहत नाही. यांखेरीज साठच्या दशकात उत्तर भारतात यशस्वीपणे रुजविलेली युरोपीय मधमाशी आता महाराष्ट्रातही पेट्यांतून पाळली जाते. यावरून दिसून येईल की, ‘मधमाशी’ म्हणताच भिण्याचे कारण नाही. सावधगिरी मुख्यतः आग्या माशीबाबत हवी.

ब्राझील देशाचा अनुभव

या संदर्भात ब्राझील देशाचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथील शास्त्रज्ञ डॉ. वॉरविक केर यांनी 1956 मध्ये उष्ण हवामानात अधिक मध देणारी जात तयार करण्यासाठी आफ्रिकेतून राणी माश्या आणल्या. 1957 मध्ये रिओ क्लारो गावाजवळील 26 वसाहती निसटल्या. त्यांचा तेथील युरोपीय माश्यांशी संकर झाला व ही संकरित माशी पसरत पसरत 1990 मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यात पोहोचली. वृत्तपत्रांनी तिला ‘मारेकरी माशी’ असे नाव दिले. तिच्या हल्ल्यांत माणसे व जनावरे दगावली, हे खरे आहे. परंतु तिच्या एका दंशातील विष इतर मधमाशीपेक्षा अधिक जहाल नसते. ती थोड्याशा कारणाने चिडते, मोठ्या संख्येने धावून येते व दूरवर पाठलाग करते, हाच काय तो फरक. ब्राझीलच्या मधपाळांनी पेट्या घरांपासून व गोठ्यांपासून दूर ठेवल्या, संरक्षक पोशाख व भरपूर धूर वापरला आणि शांत वसाहतींची निवड केली. आज त्याच माशीच्या बळावर तो देश मधाची निर्यात करतो.

ही संकरित जात भारतात आलेली नाही. मात्र तिच्यापासून मिळणारा धडा आग्या माशीला जसाच्या तसा लागू पडतो.

आग्या माशी का चिडते?

फुलावर मध गोळा करणारी आग्या माशी सहसा कोणाच्या वाटेस जात नाही. धोका मोहोळाजवळ असतो. पोळ्यास दगड लागणे, खाली केरकचरा पेटविणे, फांदी हलणे, किंवा मधुबाज पक्ष्याने पोळ्यावर झडप घालणे या कारणांनी ती उठते. अजिंठ्याच्या लेण्यांच्या परिसरात पर्यटकांवर तिने हल्ले केल्याच्या घटना घडल्या आहेत.

माशीने दंश करताच तिची नांगी विषाच्या पिशवीसह कातडीत रुतून राहते. त्याच वेळी पिकलेल्या केळ्यासारखा एक वास सुटतो. तो इतर माश्यांना इशारा होय. म्हणूनच एका दंशामागोमाग अनेक दंश होतात. ही माशी चांदण्या रात्रीही बाहेर पडते व उजेडाकडे झेपावते. यास्तव रात्री मोहोळ जाळणे निर्धोक असते, हा समज चुकीचा आहे.

हल्ला झाल्यास काय करावे?

1. हात झाडीत उभे राहू नये. तोंड व डोळे कापडाने झाकून सरळ पळावे आणि घरात किंवा बंद गाडीत शिरावे.

2. विहिरीत किंवा नदीत उडी घेऊ नये. माश्या वर घिरट्या घालत राहतात व बुडण्याचा धोका वाढतो.

3. बांधलेल्या जनावरास पळता येत नाही. म्हणून मोहोळाजवळ जनावर मुळीच बांधू नये. औत चालू असताना माश्या उठल्यास व जवळ असलेल्या माणसाला शक्य असल्यास जोते सोडून बैल मोकळे करावेत.

4. सुरक्षित जागी आल्यावर नांग्या ताबडतोब काढाव्यात. नखाने खरडाव्यात की चिमटीने ओढाव्यात, या विचारात वेळ दवडू नये. जितका उशीर, तितके विष अधिक उतरते.

5. दम लागणे, ओठ वा चेहरा सुजणे, अंगावर गांधी उठणे, भोवळ येणे ही लक्षणे दिसल्यास एका दंशानेही प्राण जाऊ शकतो. अशा वेळी झाडपाल्यात वेळ न घालविता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

6. पुष्कळ दंश झालेल्या माणसास बरे वाटत असले तरी दवाखान्यात न्यावे. मूत्रपिंडावरील परिणाम काही तासांनी किंवा दिवसांनीही दिसून येतो. लहान मुले व वृद्ध यांची विशेष काळजी घ्यावी.

मोहोळ राखण्यात शेतकऱ्याचा लाभ

कलिंगड, कारली, दोडका, सूर्यफूल व कांद्याचे बियाणे या पिकांत फळधारणा व दाणे भरणे मोठ्या अंशी मधमाश्यांवर अवलंबून असते. मोहोळ जाळणारा शेतकरी आपल्याच शेतातील बिनपगारी मजूर घालवून बसतो. फुलोऱ्याच्या काळात कीटकनाशकाची फवारणी शक्यतो टाळावी. करणे भागच असल्यास माश्या परतल्यानंतर, सायंकाळी करावी.

आग्या मोहोळाचा मध काढण्याचीही योग्य रीत आहे. पोळ्यात मध आधाराजवळच्या जाड भागात व अंडी-पिल्ले खालच्या भागात असतात. संरक्षक पोशाख घालून फक्त मधाचा भाग कापल्यास वसाहत जिवंत राहते. वर्धा येथील ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने या रीतीचा प्रसार केला आहे. प्रशिक्षणाशिवाय मात्र कोणीही हे धाडस करू नये. मधपालन करू इच्छिणाऱ्यांनी सातेरी किंवा युरोपीय माशीच्या पेट्यांपासून आरंभ करावा. त्याचे शास्त्रीय मार्गदर्शन 1962 मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडून मिळू शकते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील मोहोळांच्या जागांची नोंद ठेवावी. वर्दळीपासून दूर असलेले मोहोळ तसेच राहू द्यावे व तेथे सूचनेची पाटी लावावी. शाळा, दवाखाना किंवा बाजार यांच्या लगत असलेले मोहोळ जाणकारांकडूनच हलवावे आणि तोवर तो रस्ता बंद ठेवावा. आग्या माशी आपल्या पोळ्याचे रक्षण करते. त्यापासून योग्य अंतर राखणे हाच तिच्याबरोबर सुखाने नांदण्याचा मार्ग होय.