सायलेन्सर लीक झाला तर

मोटारसायकलचा सायलेन्सर बहुधा सांध्यावर लीक होतो: बेंड पाइप इंजिनच्या हेडला बसतो तिथे, किंवा पाइप मागच्या डब्याला मिळतो तिथे. पत्रा गंजून भोक पडलं असेल तर वेल्डिंगवाल्याकडे जावं लागतं. सांध्याची गळती मात्र घरी काढता येते.

मुक्ता : काका, नेमकी जागा कशी ओळखायची?

काका : सांध्याभोवती काळी काजळी दिसते. गाडी थंड असताना सुरू करून साबणाचं पाणी सोडलं, की बुडबुडे येतात. पण हे उघड्यावर कर, बंद पार्किंगमध्ये नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. माणसाला कळतही नाही.

मुक्ता : काजळी हेडपाशीच आहे. नट जरा आवळले तर?

काका : सगळे तेच करतात! अगं, आतलं पॅकिंग एकदा दबलं की दबलं. ते दबूनच फट बुजते. जुन्याला आणखी दाबलं तर काही होत नाही, नट ज्यावर बसतो तो स्टड मात्र ताणला जातो. नवं पॅकिंगच घालायचं.

मुक्ता : म्हणजे नट काढायचे. गंजलेत ते. स्टड तुटला तर?

काका : आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेव. सकाळी नट थोडा सोडव, परत आवळ, पुन्हा थोडा सोडव. अडला तर आणखी स्प्रे. हल्ली गॅरेजात एअर गन लावून एका झटक्यात उरकतात, आणि पोराला पाना हातात कसा धरायचा ते कोणी शिकवत नाही.

मुक्ता : तरी तुटलाच तर?

काका : तर थांबायचं. हेड ॲल्युमिनियमचं, स्टड पोलादाचा. घरच्या ड्रिलचा बिट घसरून मऊ धातूत शिरतो आणि आटे जातात. बाहेर आट्यांचा तुकडा उरला असेल, तर त्यावर दोन नट एकमेकांवर घट्ट आवळून आतल्या नटाला पाना लाव. स्टड फिरून बाहेर येतो. काहीच उरलं नसेल तर लेथवाला.

मुक्ता : आणि माझ्या गाडीत पाइपावर तो ऑक्सिजन सेन्सर आहे, बीएस-6 चा…

काका : त्याची वायर आधी काढ, ओढू नकोस. त्याच्या अलीकडे गळती असली की बाहेरची हवा आत शिरते, सेन्सर फसतो, पेट्रोल जास्त जातं. आता जोडणी नीट ऐक. जुन्या पॅकिंगचा कण न् कण खरवडून काढ, पण हेडवर ओरखडा नको. नवं पॅकिंग खाली पडू नये म्हणून ग्रीसचा ठिपका लावून बसव. पाइपाचे नट आणि डब्याचा बोल्ट, सगळं आधी हातानेच लाव. डबा आधी आवळला तर पाइप तिरका बसतो, पुन्हा लीक. मग हेडचे दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे, शेवटी डबा.

मुक्ता : किती घट्ट?

काका : गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असतो, तेवढंच. गाडी गरम होऊ दे, पूर्ण थंड झाल्यावर नट पुन्हा तपास. आणि डब्याच्या खालचं बारीक भोक गळती समजून बुजवू नकोस. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, ते तिथून निघतं. बुजवलंस तर डबा आतून गंजेल.